दुकान तुझं, पण बाकडं आमचं : फुटबॉलच्या चाहत्यांकडून शिकलेला धंदा



परवाच्या व्हिडिओत आपण 'धंद्यात बाहेरचा पार्टनर घ्यावा का' यावर बोललो. शेवटी जाता जाता मी इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांचं उदाहरण दिलं आणि वेळ संपला म्हणून ते अर्धवटच राहिलं. खरं तर तो सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. म्हणून आज निवांत लिहितोय. चहा घेऊन बसा, जरा लांबण लागेल.

आधी एक सांगतो. हा विषय मी व्ह्यूजसाठी काढलेला नाही. माझ्या स्वतःच्या दुकानासमोर सध्या हाच प्रश्न उभा आहे. तो काय आहे ते शेवटी सांगतो. त्याआधी माझी एक जुनी चूक सांगायला हवी.

बाकडं काढलं तो दिवस

आमचं दुकान कोल्हापुरात, पेठेत. स्टेशनरी, वह्या-पुस्तकं, शाळेच्या वस्तू. वडिलांनी सुरू केलेलं. बीबीए करून मी गल्ल्यावर बसलो तेव्हा डोक्यात कॉलेजचं सगळं ताजं होतं. पहिल्याच वर्षी वडिलांच्या नावाचा रंगवलेला बोर्ड उतरवला आणि झगमगीत इंग्रजी नावाचा लावला. काचेचं दार बसवलं. आणि दारासमोरचं जुनं लाकडी बाकडं काढून तिथं पेन आणि वॉटरबॉटलचा स्टँड उभा केला. हिशेब साधा होता. बाकडं एक रुपया देत नाही, स्टँड देतो.

त्या बाकड्यावर गल्लीतली जुनी माणसं सकाळी पेपर वाचायची. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारी तिथंच जमायची आणि मग चालत स्टेडियमला जायची. रात्री परत येऊन हरलो का जिंकलो यावर तासभर वाद. ही माणसं माल फारसा घ्यायची नाहीत, असं मला वाटायचं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि कळलं. दरवर्षी यादी घेऊन येणारी बरीच घरं आलीच नाहीत. एक काका रस्त्यात भेटले. मी विचारलं, "काका, यंदा नातवाच्या वह्या नाही घेतल्या?" ते म्हणाले, "घेतल्या की, तिकडं खालच्या दुकानातनं." मी म्हटलं, "का हो? काय चुकलं का आमचं?" ते हसले. म्हणाले, "चुकलं काय? दुकान तुझंच हाय. पण बाकडं आमचं होतं रे."

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला बरेच दिवस गेले. आणि खरं सांगतो, तो बीबीएच्या पुस्तकांतून लागला नाही. फुटबॉलच्या चाहत्यांबद्दल वाचताना लागला.

गिऱ्हाईक आणि चाहता यात फरक काय?

आमच्या कोल्हापुरात संघ तालमींचे आणि मंडळांचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. मॅचला आलेल्या एखाद्या पोराला विचारा, "तुमच्या टीमचा मालक कोण?" तो तुमच्याकडं बघतच राहील. तालीम आमची, टीम आमची. मालक कसला?

इंग्लंडमध्येही सुरुवात अशीच झाली. बरेचसे क्लब कारखान्यातल्या कामगारांनी, चर्चच्या किंवा शाळेच्या पोरांनी काढले. मँचेस्टर युनायटेड हे नाव आज जगभर माहीत आहे, पण १८७८ साली तो न्यूटन हीथ नावाचा रेल्वे कामगारांचा संघ होता. पुढे क्लबच्या कंपन्या झाल्या, शेअर आले, टीव्हीचा पैसा आला आणि मग मालक आले.

आता चाहत्यांचं म्हणणं नीट ऐका. तुमच्या दुकानात साबण महाग मिळाला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. फुटबॉलचा चाहता तसं करू शकत नाही. लिव्हरपूलच्या माणसाला तिकीट परवडत नाही म्हणून तो उद्यापासून एव्हर्टनला टाळ्या वाजवणार नाही. आजोबांपासून घरात चालत आलेली गोष्ट आहे ती. मालक येतात आणि विकून जातात. खेळाडू दोन-चार वर्षांत दुसरीकडं जातात, कोच तर त्याहूनही लवकर. स्टँडमध्ये बसलेला माणूस तेवढा तिथंच असतो. म्हणून तो म्हणतो, कागदावर क्लब तुमचा असेल, पण तो सांभाळला आम्ही.

बरोबर की चूक, ते आपण पुढं बघू. पण हे म्हणणं धरून या लोकांनी काय काय केलं, ते बघण्यासारखं आहे. मी चार गोष्टी निवडल्यात.

गोष्ट पहिली : कर्ज कोणाच्या डोक्यावर?

मे २००५. अमेरिकेतले ग्लेझर कुटुंब मँचेस्टर युनायटेड विकत घेतं, साधारण ७९ कोटी पौंडांना. पण त्यातला अर्ध्याहून जास्त पैसा कर्जाऊ. आणि ते कर्ज फेडायची जबाबदारी आली क्लबवरच. म्हणजे असं समजा, मी तुमचं दुकान विकत घेतलं, त्यासाठी बँकेकडून लोन काढलं आणि हप्ते तुमच्याच गल्ल्यातून भरायला लागलो. याला धंद्याच्या भाषेत लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात. बेकायदा काही नाही त्यात. पण आदल्या दिवशीपर्यंत ज्या क्लबवर कर्ज नव्हतं, तो एका रात्रीत कर्जबाजारी झाला.

चाहते चिडले. काही जणांनी तर त्याच वर्षी वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. एक सभासद, एक मत. तुम्ही शंभर पौंड द्या नाहीतर हजार, मत एकच. खालच्या लीगमधून सुरुवात केली आणि २०१५ साली स्वतःचं स्टेडियम उभारलं. त्यातला मोठा पैसा लोकांनी शेअर घेऊन दिलेला.

आता गंमत बघा. ग्लेझर आल्यानंतर मूळ क्लब हरत होता का? मुळीच नाही. २००७ ते २०१३ या काळात त्यांनी पाच वेळा प्रीमियर लीग जिंकली. २००८ साली चॅम्पियन्स लीगही जिंकली. तरी २०१० साली स्टँडमध्ये हजारो लोक लाल मफलर सोडून हिरवे-सोनेरी मफलर घालून आले. हे न्यूटन हीथचे जुने रंग. आम्ही संघाच्या बाजूचे आहोत, मालकांच्या नाही, हे दाखवायची ती पद्धत होती.

विक्री चांगली चालली असताना गिऱ्हाईक नाराज असू शकतं, हे आपल्याला पटत नाही. पण ते असतं. मे २०२४ मध्ये एका मॅचनंतर मोठा पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून पाण्याची धार खाली कोसळताना सगळ्या जगाने पाहिली. वर्षानुवर्षं पैसा व्याजाकडं वळत राहिला की दुरुस्ती मागं पडते. चाहते जे २००५ मध्ये ओरडून सांगत होते, ते त्या दिवशी छतातून गळत होतं.

गोष्ट दुसरी : दुकान उचलून दुसऱ्या गावाला नेलं

दक्षिण लंडनमध्ये विम्बल्डन. टेनिससाठी ऐकलेलं नाव, पण तिथं १८८९ पासूनचा फुटबॉल क्लबही होता. छोटा क्लब. १९८८ साली एफए कपच्या फायनलमध्ये त्यांनी बलाढ्य लिव्हरपूलला १-० हरवलं. पुढे स्वतःचं मैदान सुटलं, दुसऱ्याच्या मैदानात भाड्याने खेळायला लागले, तोटा वाढला. मग मालकांनी ठरवलं की क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा, जवळजवळ ९० किलोमीटर लांब.

मे २००२ मध्ये तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. चाहते म्हणत होते, मग आम्ही नवीन क्लब काढून पहिल्यापासून सुरू करतो. समितीचं म्हणणं असं पडलं की तसं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

या लोकांनी तरी काढलाच. एएफसी विम्बल्डन. विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खुली निवड चाचणी ठेवली, दोनशेहून जास्त पोरं आली. अगदी तळाच्या प्रादेशिक लीगमध्ये खेळायला लागले. ९ वर्षांत ५ बढत्या मिळवल्या आणि २०११ साली फुटबॉल लीगमध्ये परत. २०१६ मध्ये तर मिल्टन कीन्सला गेलेला क्लब आणि हा क्लब एकाच लीगमध्ये आमनेसामने आले. नोव्हेंबर २०२० मध्ये ते आपल्या मूळ भागात, प्लाउ लेनच्या नव्या स्टेडियममध्ये परतले. क्लबची बहुसंख्य मालकी आजही चाहत्यांच्या ट्रस्टकडं आहे.

आपल्याकडं अशी वेळ येत नाही असं समजू नका. पुण्यात २०१४ पासून एफसी पुणे सिटी होता. बालेवाडीला मॅच व्हायच्या, केशरी जर्सी घालून पोरं यायची. २०१९ मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. पाच सीझन ओरडणाऱ्या पोरांच्या हातात जर्सी तेवढी उरली. लायसन्स हलवता येतं, गुडविल हलत नाही. गुडविल हा शब्द आपण बॅलन्सशीटमध्ये एका आकड्यात लिहितो, पण ते राहतं लोकांच्या घरात.

गोष्ट तिसरी : रंग बदलला, यश मिळालं, तरीही

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण माझ्या बोर्डाची आठवण करून देते.

वेल्समधला कार्डिफ सिटी क्लब. शंभर वर्षांहून जास्त काळ निळी जर्सी, टोपणनावच 'ब्लूबर्ड्स'. मलेशियाचे उद्योगपती व्हिन्सेंट टॅन यांनी पैसा घातला होता. २०१२ साली त्यांनी जर्सी लाल केली आणि चिन्हावर निळ्या पक्ष्याऐवजी ड्रॅगन मोठा केला. लाल रंग शुभ, आशियातल्या बाजारात चालेल, असा विचार. एमबीएच्या प्रेझेंटेशनमध्ये हे छानच दिसलं असतं.

आणि पहिल्याच वर्षी, २०१३ मध्ये, क्लब आपली लीग जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेला. सर्वोच्च लीगमध्ये ते १९६२ नंतर पहिल्यांदाच पोचले होते! आपल्याला वाटेल, आता तरी लोक लाल रंग डोक्यावर घेतील. काही जणांनी घेतलाही. यश मिळतंय तर रंगाचं काय एवढं, असं म्हणणारे तिथेही होते. पण बरेच जण निळाच मफलर घालून येत राहिले. पुढच्याच वर्षी क्लब खाली उतरला. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये, सीझन अर्ध्यावर असतानाच, मालकांनी माघार घेतली आणि निळी जर्सी परत आली.

मालक वाईट होते, असं मी म्हणत नाही. पैसा त्यांनीच घातला, क्लब तरला त्यांच्यामुळं. त्यांची चूक एवढीच की पैशाबरोबर रंगही विकत घेतला, असं त्यांना वाटलं.

भारतातही हेच झालं. २०२० साली कोलकात्याचा मोहन बागान, १८८९ चा क्लब, आयएसएलमध्ये येताना दुसऱ्या क्लबशी जोडला गेला आणि नावापुढे 'एटीके' लागलं. संघ चांगला खेळत होता, तरी चाहते 'एटीके काढा' म्हणत राहिले. मार्च २०२३ मध्ये संघ आयएसएल जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी एटीके काढायची घोषणा केली. जिंकल्यावरही लोकांना नाव परत हवं होतं, हे लक्षात घ्या.

गोष्ट चौथी : ७७ वं मिनिट

भाव वाढवायचा विषय आला की मी क्लासमध्ये ही गोष्ट सांगतोच.

फेब्रुवारी २०१६. लिव्हरपूलच्या मालकांनी जाहीर केलं की पुढच्या सीझनला नव्या स्टँडमधलं सगळ्यात महागडं तिकीट ७७ पौंडांचं असेल. पुढच्या मॅचला सुंदरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० ने पुढं. बरोबर ७७ व्या मिनिटाला साधारण दहा हजार लोक उठले आणि स्टेडियमबाहेर चालू लागले. दगड नाही, मारामारी नाही. नुसते उठून गेले. आणि उरलेल्या वेळात सुंदरलँडने दोन गोल मारले, मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली!

चार दिवसांत मालकांनी वाढ मागं घेतली आणि माफी मागितली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी बाहेरगावाहून येणाऱ्या चाहत्यांसाठी तिकिटाला ३० पौंडांची मर्यादाही घालून घेतली.

मुद्दा असा, की ७७ पौंड देणारे लोक मिळाले नसते का? आरामात मिळाले असते. जगभरातून पर्यटक येतात. पण जो पर्यटक एकदा येतो तो गाणी म्हणत नाही. गाणी म्हणणारा, पावसात उभा राहणारा माणूस बाहेर गेला की आत जे उरतं त्याची टीव्हीवरही किंमत राहत नाही. आपल्या दुकानातही रोजचं गिऱ्हाईक दर महिन्याला कमी फायदा देत असेल, पण दुकान भरलेलं दिसतं ते त्याच्यामुळं.

मग जर्मनीत काय वेगळं आहे?

आता तुम्ही म्हणाल, भावा, नुसत्या तक्रारी सांगतोयस, उपाय सांग. तर जर्मनीकडं बघू.

तिथं १९९८ पर्यंत क्लब सभासदांच्या संस्था होत्या. मग कंपनी करायची आणि बाहेरचा पैसा घ्यायची मुभा मिळाली, पण एका अटीवर. कंपनीतली ५० टक्के मतं आणि वर एक मत, हे सभासदांच्या संस्थेकडंच राहिलं पाहिजे. याला '५०+१' म्हणतात. नीट वाचा, मतं म्हटलंय, पैसा नाही. गुंतवणूकदार भांडवल जास्त घालू शकतो, पण निर्णय एकट्याच्या जोरावर फिरवू शकत नाही. बायर्न म्युनिकमध्ये आदिदास, ऑडी आणि अलियान्झ यांची मिळून २५ टक्क्यांच्या आसपास भागीदारी आहे. बाकीचे ७५ टक्के क्लबकडं.

ही व्यवस्था सोन्याची आहे असं मी सांगणार नाही. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कंपन्यांचे क्लब जुन्या नात्यामुळं अपवाद आहेत. लाइपझिगने नियम पाळला पण सभासदच मोजके ठेवले, म्हणून इतर क्लबांचे चाहते त्यांच्यावर चिडतात. आणि २०१३ ते २०२३ सलग ११ वर्षं लीग बायर्ननेच जिंकली. २०२४ मध्ये ती साखळी तोडली कोणी? अपवादातल्या लेव्हरकुसेनने! म्हणजे चाहत्यांच्या हातात मत दिलं की स्पर्धा आपोआप सुधारते, असं काही नाही.

पण एक गोष्ट तिथं होते, लोकांचं ऐकावं लागतं. जर्मन लीगला आपल्या टीव्ही हक्कांच्या धंद्यात बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा होता. चाहत्यांनी मॅच चालू असताना मैदानात टेनिसचे चेंडू फेकायला सुरुवात केली. चेंडू गोळा करायचे, मॅच थांबायची, परत सुरू व्हायची, परत चेंडू. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला.

इंग्लंडमध्ये असा नियम नव्हता, म्हणून तिथं रस्त्यावर यावं लागलं. १८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या १२ मोठ्या क्लबांनी 'सुपर लीग' जाहीर केली. संस्थापक क्लब कधीच बाहेर पडणार नाहीत अशी लीग. म्हणजे परीक्षा द्या नाहीतर नका देऊ, पास ठरलेले. चाहते चेल्सीच्या स्टेडियमबाहेर जमले, आपल्याच क्लबच्या विरोधात! दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर पडले. पुढे सरकारने चौकशी नेमली, आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. चाहत्यांचं मत घ्यायला हवं, ही गोष्ट आता त्या कायद्यात आहे.

चाहते नेहमी बरोबर असतात का?

नाही. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच चित्र दाखवलं असं होईल.

न्यूकॅसलचे चाहते १४ वर्षं आपल्या जुन्या मालकावर नाराज होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी फंडाने क्लबचा ८० टक्के हिस्सा घेतला, तेव्हा हजारो लोक स्टेडियमबाहेर नाचले. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था विचारत होत्या की हा पैसा कुठून येतोय, एका देशाला क्लब कशाला हवाय. काही चाहत्यांनीही हेच विचारलं. पण बहुतेकांचं उत्तर होतं, आमच्या क्लबकडं पहिल्यांदा कोणी लक्ष देतंय. २०२५ मध्ये त्यांनी लीग कप जिंकला, देशातली मोठी ट्रॉफी ७० वर्षांनी घरी आली. त्या दिवशी रडणाऱ्या म्हाताऱ्यांना 'तुम्ही चुकलात' असं कोण सांगणार? आणि तरी प्रश्न चुकीचा होता, असंही म्हणता येत नाही.

चाहत्यालाही जिंकायचं असतं, चांगला खेळाडू हवा असतो, तिकीट स्वस्त हवं असतं आणि क्लब कर्जात नको असतो. हे सगळं एकदम मिळत नाही. गिऱ्हाईकाचंही तसंच. उधारी हवी, भाव कमी हवा, माल ताजा हवा आणि दुकान जुनंच दिसायला हवं. सगळं ऐकलं तर धंदा बंद होईल.

म्हणून मी यातून एवढंच घेतलं. सगळ्या गोष्टी गिऱ्हाईकाला विचारून करायच्या नसतात. पण काही गोष्टी अशा असतात की त्या त्याला न विचारता बदलायच्या नसतात. मालकाचं काम म्हणजे या दोन याद्या वेगळ्या ठेवणं.

माझ्या दुकानाचं काय चाललंय

आता कबूल केल्याप्रमाणे माझा प्रश्न. बाकडं मी परत ठेवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. वडिलांच्या नावाचा बोर्डही परत लावला, नवीन नाव खाली बारीक ठेवलं. लोक एकदम परत आले नाहीत. काही आले, काही कायमचे खालच्या दुकानात गेले. ते वर्ष मला महागात पडलं.

सध्या मी ज्यांच्याकडून माल घेतो त्या एका होलसेलरने दुसरी शाखा काढायला पैसे द्यायची तयारी दाखवली आहे. रक्कम चांगली आहे, माझ्या एकट्याने जमणारी नाही. त्यांना ६० टक्के हिस्सा हवाय आणि दोन्ही दुकानांवर त्यांच्या ब्रँडचं नाव. वडील काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "तू बघ." ते 'तू बघ' रात्री झोपू देत नाही.

मी त्यांना 'नाही' म्हटलेलं नाही. मी तीन अटी लिहून दिल्या आहेत.

पहिली, दुसऱ्या शाखेसाठी जे लोन लागेल त्याचे हप्ते दुसऱ्या शाखेतूनच जातील. जुन्या दुकानाचा गल्ला त्यासाठी गहाण पडणार नाही. (मँचेस्टर आठवा.)

दुसरी, जुन्या दुकानाचं नाव, जागा आणि उधारीच्या वहीतली जुनी घरं याबद्दलचा कोणताही निर्णय माझ्या सहीशिवाय होणार नाही, हिस्सा कितीही असो. (कार्डिफ आणि विम्बल्डन.) भागीदारीच्या करारात नफ्याची टक्केवारी वेगळी आणि कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे वेगळं लिहिता येतं. फक्त ते तोंडी ठेवू नका, सीए आणि वकिलाकडून लिहून घ्या.

तिसरी, जूनच्या शाळेच्या सीझनला रोजच्या गिऱ्हाईकांचा भाव वाढवायचा असेल तर महिनाभर आधी दुकानात पाटी लागेल. (७७ वं मिनिट.)

उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित ते दुसरा माणूस शोधतील. शाखा गेली तर वाईट वाटेल, खोटं बोलत नाही. पण २०१२ च्या कार्डिफसारखं वर चढून खाली यायची माझी तयारी नाही.

या आठवड्याचं काम

एक कागद घ्या. मधे रेघ मारा. डावीकडं लिहा, 'हे माझं': माल कुठून घ्यायचा, कामाला कोण, लोन किती, मार्जिन किती. उजवीकडं लिहा, 'हे आमचं': दुकानाचं नाव, सुट्टीचा वार, उधारीची पद्धत, लहान पोराला मिळणारी गोळी, दारातलं बाकडं. उजवीकडची यादी तुम्हाला एकट्याला करता येणार नाही. पाच जुन्या गिऱ्हाईकांना विचारा, "आमच्या दुकानातली कोणती गोष्ट बदलली तर तुम्हाला वाईट वाटेल?" उत्तरं ऐकताना मधे बोलू नका.

पार्टनर आला, लोन आलं, फ्रँचायझीची ऑफर आली, की आधी तो कागद काढा आणि उजवी बाजू समोरच्याला वाचून दाखवा. तो हसला तर सही करू नका. त्याने ती नीट वाचून दोन प्रश्न विचारले, तर पुढं बोलायला हरकत नाही.

रविवारी शाहू स्टेडियमवर मॅच आहे. दुपारी दुकानासमोरचं बाकडं भरलेलं असेल. त्या काकांना मी होलसेलरच्या ऑफरबद्दल सांगणार आहे. ते काय म्हणतात ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.

भेटू मग. धंदा नीट करा, आणि गिऱ्हाईकाला बसायला जागा ठेवा.